नॅशव्हिल: दोन रात्री, तीन बैठका

अटलांटाजवळ राहायला येऊन आम्हाला सहा वर्षे झाली. या काळात नॅशव्हिलला जाण्याचा बेत आम्ही किमान चार वेळा आखला आणि तितक्याच वेळा तो बारगळला. या वेळी तो तडीस जाण्याचे कारण म्हणजे आई. ती तीन महिन्यांसाठी आली आहे, चाळीस वर्षे हार्मोनियम वाजवत आली आहे, आणि शेजारच्या टेनेसी राज्यात 'संगीतनगरी' म्हणवून घेणारे शहर असताना आपण आठवड्याची सुट्टी मॉलमध्ये का घालवतो, हा तिचा प्रश्न मला बिनतोड वाटला. म्हणून पुढच्या महिन्यातला एक शुक्रवार ते रविवार मोकळा ठेवला आहे. प्रत्यक्ष प्रवास अजून व्हायचा असला, तरी आखणी करतानाच इतके काही हाती लागले की ते लिहून ठेवावेसे वाटले.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, या शहराचा बेत प्रेक्षणीय स्थळांची यादी करून आखता येत नाही. दोन रात्रींत आपण कुठे बसून काय ऐकणार, हे आधी ठरवावे लागते आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवावा लागतो. मी सुरुवातीला उलट केले होते. म्हणजे सकाळी हे संग्रहालय, दुपारी ते उद्यान, आणि संध्याकाळी 'जमल्यास संगीत'. माझ्या नवऱ्याने, जो हौसेने गिटार वाजवतो, तो कागद पाहिला आणि फक्त 'जमल्यास' या शब्दाभोवती गोल काढून परत दिला.

सर्वांत आधी ठरवायचे ते ब्लूबर्ड कॅफेचे. १९८२ साली सुरू झालेली ही जागा शहराच्या मध्यभागी नाही. ग्रीन हिल्स भागातल्या दुकानांच्या एका साध्या रांगेत ती आहे आणि आत जेमतेम नव्वद माणसे बसतात. इथे मुख्यतः गीतकार आपली गाणी स्वतः गातात. तीन-चार जण खोलीच्या मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून बसतात, श्रोते त्यांच्याभोवती दाटीवाटीने बसतात, आणि पाळीपाळीने एकेक गाणे होते. ते कसे सुचले, कोणत्या गायकाने ते नंतर गाजवले, हेही ओघात सांगितले जाते. जे गाणे आपण रेडिओवर भल्यामोठ्या वाद्यवृंदासह ऐकलेले असते, ते इथे ज्याने लिहिले त्याच्या तोंडून एका गिटारवर ऐकायला मिळते. हे वर्णन ऐकून आई म्हणाली, "म्हणजे बैठकच की!" तिचे बरोबर आहे, फक्त एक फरक मला तिला दोनदा समजावून सांगावा लागला. तिथे गाणे चालू असताना श्रोत्यांनी अगदी गप्प राहायचे असते, कुजबुजणाऱ्यांना गप्प करण्याबद्दलच ती जागा प्रसिद्ध आहे, आणि दाद गाणे संपल्यावर द्यायची असते. आमची आई समेवर 'क्या बात है' म्हटल्याशिवाय राहू शकत नाही. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

ब्लूबर्डच्या जागा संकेतस्थळावर खुल्या होतात आणि पाहता पाहता संपतात. त्यामुळे आपल्या तारखेच्या जागा कधी खुल्या होणार हे आधी पाहून त्या वेळी संगणकासमोर बसावे लागते. त्या मिळाल्या नाहीत तर 'द लिसनिंग रूम कॅफे' हा पर्याय आम्ही मनाशी ठेवला आहे. तिथेही गीतकारांच्या अशाच फेऱ्या होतात, जागा बरीच मोठी आहे आणि जेवणही तिथेच होते. मात्र जिथे ताटांचा आवाज येतो तिथली शांतता वेगळी असणार, हे गृहीत धरले आहे.

दुसरी बैठक 'ग्रँड ओल ऑप्री'ची. नाव भारदस्त असले तरी मुळात हा एका विमा कंपनीच्या रेडिओ केंद्रावरचा कार्यक्रम आहे. डब्ल्यूएसएम हे केंद्राचे नावच कंपनीच्या 'आम्ही लाखोंचे रक्षण करतो' अशा अर्थाच्या घोषवाक्याच्या आद्याक्षरांवरून पडले. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी हा कार्यक्रम सुरू झाला आणि तो आजही चालू आहे, म्हणजे शंभरी ओलांडून गेला आहे. एका प्रयोगात अनेक कलाकार येतात, प्रत्येक जण दोन-तीन गाणी म्हणून जातो, मध्ये निवेदक जाहिराती वाचतो आणि हे सगळे त्याच क्षणी ६५० एएमवर ऐकू येत असते. आकाशवाणीवर वाढलेल्या माणसाला ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. एकच एक गायक दोन तास ऐकण्यापेक्षा आईसाठी हे सोयीचे आहे. कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण लोकगीतांतून आलेल्या गाण्यांचा, तिला काहीच परिचय नाही, आणि इथे तिला एका रात्रीत वृद्ध फिडलवादकापासून आजच्या तरुण गायिकेपर्यंत सगळे थोडे थोडे चाखता येईल.

ऑप्री १९४३ ते १९७४ या काळात गावातल्या रायमन सभागृहात होत असे. आता ती शहराच्या ईशान्येला, मध्यवस्तीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर असलेल्या स्वतःच्या नाट्यगृहात होते. तिथे जाताना रायमनच्या रंगमंचाच्या लाकडाचा सहा फूट व्यासाचा गोल तुकडा कापून नेला आणि नव्या रंगमंचाच्या मधोमध बसवला. गायक त्या गोलावर उभे राहून गातात. वास्तू बदलली तरी पायाखालची जागा तीच ठेवण्याची ही कल्पना मला फार आवडली.

प्रवासाचे गणित इथे कामी आले. अटलांटाहून नॅशव्हिल साधारण चारशे किलोमीटर, वाटेत न थांबता चार तास. चॅटनूगा या गावापर्यंत आय-७५ आणि पुढे आय-२४ हा महामार्ग. चॅटनूगानंतर थोड्याच अंतरावर घड्याळ एक तास मागे जाते, त्यामुळे शुक्रवारी दुपारी बारा वाजता निघालो आणि वाटेत तासभर थांबलो, तरी तिथल्या चार वाजता पोहोचतो. शिवाय आय-२४ ने शहरात शिरण्याच्या आधीच ब्रायली पार्कवे लागतो आणि तो थेट ऑप्रीच्या बाजूला नेतो. म्हणून शुक्रवारची रात्र ऑप्रीसाठी ठेवली, म्हणजे मध्यवस्तीतल्या गर्दीशी पहिल्याच संध्याकाळी गाठ पडणार नाही. मात्र येताना मिळालेला हा तास रविवारी परत द्यावा लागतो, आणि माँटईगलच्या डोंगरातला तीव्र उतार अंधारात उतरायला नको, म्हणून परतीला दुपारीच निघायचे असे ठरले आहे. रेल्वेचा विचार करणाऱ्यांना सांगायला हवे की, लांब पल्ल्याची प्रवासी गाडी १९७९ नंतर नॅशव्हिलला येतच नाही. तिथल्या जुन्या, देखण्या रेल्वे स्थानकाचे हॉटेल झाले आहे.

शनिवारचा दिवस आखताना आमची खरी ओढाताण झाली. नवऱ्याला आरसीए स्टुडिओ बी पाहायचाच आहे. १९५७ साली बांधलेल्या या छोट्या इमारतीत एल्व्हिस प्रेस्ली यांनी दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि गायिका डॉली पार्टन घाईत पोहोचताना त्यांची गाडी जिथे आदळली ती खूण अजून भिंतीवर दाखवतात. तिथे परस्पर जाता येत नाही. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयातून तिकीट काढून त्यांच्याच बसने जावे लागते. त्यामुळे सकाळ तिकडे गेली. मला रायमन पाहायचे आहे. थॉमस रायमन या आगबोटींच्या कप्तानाने एका धर्मोपदेशकाच्या प्रवचनाने भारावून हे प्रार्थनामंदिर उभारायला घेतले, ते १८९२ साली पुरे झाले, आणि आजही श्रोते चर्चमधल्यासारख्या लाकडी बाकांवरच बसतात. डिसेंबर १९४५ मध्ये बिल मनरो यांच्या साथीला अर्ल स्क्रग्ज यांचे बँजो इथे प्रथम वाजले आणि त्या रात्रीला ब्लूग्रासचा, म्हणजे बँजो-फिडलवर द्रुत लयीत चालणाऱ्या कंट्री शैलीचा, जन्म मानणारे पुष्कळ आहेत. इथे दिवसा फिरून पाहण्याची सोय आहे.

याशिवाय एक गोष्ट मी हट्टाने यादीत ठेवली आहे, कारण ती वगळली तर या शहराची अर्धीच कथा ऐकल्यासारखे होईल. 'संगीतनगरी' हे बिरुद व्हिक्टोरिया राणीने फिस्क ज्युबिली सिंगर्सचे गायन ऐकून दिले, अशी आख्यायिका आहे. रेडिओवर हे नाव रूढ केले ते १९५० मध्ये डब्ल्यूएसएमच्या एका निवेदकाने, असे कागदोपत्री सांगितले जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मूळ घटना खरी आहे. गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्यांसाठी १८६६ साली निघालेल्या फिस्क विद्यापीठाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १८७१ मध्ये तिथले विद्यार्थी गाणी गात दौऱ्यावर निघाले आणि त्या पैशातून ज्युबिली हॉल उभा राहिला. ऑप्रीला तिचे नाव ज्या रात्री मिळाले, त्या रात्री, डिसेंबर १९२७ मध्ये, नावाआधी वाजली ती डीफर्ड बेली या कृष्णवर्णीय वादकाची माउथऑर्गन. पुढे १९४१ मध्ये त्यांना कार्यक्रमातून काढले गेले आणि त्यांनी बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले ते २००५ साली, मृत्यूनंतर. आफ्रिकन-अमेरिकन संगीताचे राष्ट्रीय संग्रहालय २०२१ पासून मध्यवस्तीतल्या ब्रॉडवे या रस्त्याच्या कोपऱ्यावरच आहे, तेव्हा शनिवारची दुपार त्यासाठी.

ब्रॉडवेचे नाव निघालेच आहे, तर तिसऱ्या बैठकीविषयी. लोअर ब्रॉडवेवरच्या दारूगुत्त्यांना तिथे हॉन्की-टॉन्क म्हणतात. सकाळी दहा-अकरापासून मध्यरात्र उलटेपर्यंत एकामागून एक वाद्यवृंद वाजत असतात, आत शिरायला सहसा पैसे पडत नाहीत आणि वादकांची कमाई बरीचशी बादलीत पडणाऱ्या टिपांवर चालते, हे लक्षात ठेवून सुट्या नोटा बरोबर न्याव्यात. शनिवारी रात्री मात्र हा रस्ता लग्नाआधीच्या मेजवान्यांना आलेल्या नवऱ्यामुलींच्या टोळ्यांनी ओसंडून वाहतो. आम्ही तिथे रविवारी सकाळी अकराला जाणार आहोत. वादक तेवढेच कसलेले असतात आणि आईला बसायला खुर्ची मिळेल. रविवारी रात्री स्टेशन इनमध्ये ब्लूग्रासवाले जमून वाजवतात, ते मात्र आमच्या परतीच्या वेळेमुळे हुकणार आहे, आणि त्याची हळहळ आतापासूनच वाटते.

खाण्याविषयी फार लिहीत नाही. आम्ही शाकाहारी आहोत, आणि तिथल्या साध्या खानावळींत घेवड्याच्या शेंगा किंवा पालेभाजीतही डुकराचे मांस घालून शिजवण्याची जुनी पद्धत आहे, म्हणून भाजी दिसली तरी विचारूनच मागवायची, एवढेच ठरवले आहे.

या सगळ्या तयारीत आईला ज्या गोष्टीने सर्वाधिक गुंतवले, ती कुठल्याच तिकिटावर मिळत नाही. नॅशव्हिलच्या स्टुडिओंतले वादक स्वरलिपीऐवजी आकडे लिहितात. पट्टीतला पहिला स्वर एक, चौथा चार, पाचवा पाच, आणि आकडा म्हणजे त्या स्वरावर उभी राहणारी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह. ही पद्धत तिथे १९५०च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली. गायिकेने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. नवऱ्याने हे सांगितल्यावर आई हसली आणि म्हणाली, "अरे, काळी चार काय आणि पांढरी एक काय, सा तो साच. यांना इतक्या उशिरा कळलं होय?" मग तिने वही काढली आणि तिच्या रोजच्या भजनाला आकडे घालायला बसली. एक, चार, पाच, पुन्हा एक, असे दोन ओळी सरळ गेले. तिसऱ्या ओळीत कोमल गंधार आला, तेव्हा तिने तीन लिहून सवयीने त्याखाली आडवी रेघ ओढली. नवऱ्याने सांगितले की, तिथे आकड्यांखाली रेघ आली तर एका मात्रागटात दोन कॉर्ड वाजवायच्या असा अर्थ होतो, कोमलचे चिन्ह आकड्याच्या आधी येते. आईने ते नीट ऐकून घेतले, आकड्याच्या आधी ते चिन्हही काढले, पण खालची रेघ काही खोडली नाही.