वरून की खालून?

क्रॉफर्ड मार्केटजवळ जे. जे. उड्डाणपुलाच्या तोंडाशी आलेल्या प्रत्येक चारचाकीच्या चालकाला काही सेकंदांत एक निर्णय घ्यावा लागतो. वर चढले तर भायखळ्यापर्यंत, म्हणजे सुमारे अडीच किलोमीटर, मध्ये कुठेही उतरता येत नाही. खालून महंमद अली रोडने गेले तर मिनारा मशिदीपाशी किंवा भेंडीबाजारात हवे तिथे थांबता येते, पण हातगाड्या, दुहेरी पार्किंग आणि मधेच रस्ता ओलांडणारी माणसे यांच्या कलाने जावे लागते. मोबाइलमधल्या दिशादर्शक ॲपची तुलना करायची असेल तर ती या ठिकाणी करावी, असे माझे मत आहे. एरवी ही सगळी ॲप शहाण्यासारखी वागतात. त्यांची खरी पारख ‘सरळ चला’ या सूचनेचे दोन अर्थ निघतात तिथे होते.

अडचण समजण्यासारखी आहे. पूल आणि त्याखालचा रस्ता यांचे अक्षांश-रेखांश तेच असतात, फरक असतो तो केवळ उंचीचा, आणि उंची सांगण्यात फोन विशेष कच्चा असतो. कारण ज्यांच्यावरून तो आपली जागा ठरवतो ते उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे ॲपला बव्हंशी अंदाजाने ठरवावे लागते. गुगल मॅप्सने 2024 मध्ये भारतातल्या शहरांसाठी उड्डाणपुलाची सूचना वेगळी द्यायला सुरुवात केली. मॅपल्स हे आपल्याकडच्या मॅपमायइंडिया कंपनीचे ॲप अशा ठिकाणी चौकाचे त्रिमिती चित्रच पडद्यावर आणते, त्यात कोणती मार्गिका पकडायची ते बाणाने दाखवलेले असते. मला ही चित्राची रीत अधिक पटते. ऐकलेली सूचना कानात शिरेपर्यंत पुलाचा कठडा सुरू झालेला असतो.

‘अमक्या ॲपचे जीपीएस चांगले आहे’ असे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते आणि त्यात फारसे तथ्य नसते. जीपीएस फोनचे असते, ॲपचे नव्हे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह वेळेचा संकेत पाठवत राहतात, तो येईपर्यंत किती वेळ गेला यावरून फोनमधली चिप अंतर काढते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे हाती आली की आपली जागा नक्की करते. यात एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तर जमिनीवर 300 मीटरचा फरक पडतो, म्हणजे गिरगावात माणूस भलत्याच वाडीत पोचतो. नागरिकांना मिळणारा हा संकेत अमेरिकी सरकार पूर्वी मुद्दाम बिघडवून देत असे. 2 मे 2000 रोजी ते बंद झाले नसते, तर आज खिशातल्या नकाशाच्या भरवशावर कोणी घराबाहेर पडले नसते. आता रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेईदोऊ आणि इस्रोचे नाविक यांचीही भर पडली आहे. यांतले जे जे चिपला पकडता येते ते ती पकडते आणि आलेले आकडे मागणाऱ्या प्रत्येक ॲपला सारखेच वाटून देते. नेट गेले की जीपीएसही गेले, हा असाच दुसरा पक्का गैरसमज. नेट लागते ते नकाशा आणि कोंडीची खबर आणायला; उपग्रहाचा आणि सिमकार्डाच्या रिचार्जचा काही संबंध नाही.

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण 5 मीटरच्या आत जागा सांगतो. मुंबईत अडते ते ‘मोकळ्या आकाशाखाली’ या शब्दांपाशी. लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यांमधून चालताना संकेत भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतात, अंतर वाढल्याचा भास होतो, आणि आपला निळा ठिपका आपण सेनापती बापट मार्गावर उभे असताना एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या विंगमध्ये जाऊन बसतो. इथेही सर्व ॲपना दोष सारखाच. काही ॲप हा ठिपका ओढून जवळच्या रस्त्यावर आणतात आणि काही तो आहे तिथे राहू देतात, एवढाच फरक. ओढून आणणारी अधिक हुशार वाटतात आणि राहू देणारी अधिक प्रामाणिक.

तेव्हा उपग्रह बाजूला ठेवले की तुलनेला नकाशा उरतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वापरणारा माणूस कोण आहे याविषयी त्या नकाशाने करून घेतलेली समजूत. बहुतेक ॲपनी मनात धरलेला माणूस चारचाकीत बसलेला, घाईत असलेला आणि उजवीकडच्या रांगेतून डावीकडे जायला सहज वाट मिळणारा असा आहे. मुंबईत असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दुचाकीवाल्याला चारचाकीचा रस्ता दाखवला की तो सागरी सेतूच्या टोलनाक्यापाशी जातो आणि तिथून त्याला परत फिरावे लागते. वांद्रे-वरळी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीला मनाई, आणि जे. जे. पुलावरही तीच. गुगलने 2017 च्या डिसेंबरात दुचाकीसाठी वेगळा पर्याय जगात सर्वांत आधी भारतात आणला तो याच गरजेपोटी, आणि त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. माझ्या पुण्याच्या मेहुण्याला हा पर्याय ठाऊक असूनही तो स्कूटरवर चारचाकीचा नकाशा लावतो, कारण त्यात वेळ कमी दिसतो. मी त्याला समजावू पाहिले तर म्हणाला, “भाऊजी, आधी निघू तर द्या, पुढचे पुढे.”

कोंडीची माहिती हे गुगलचे मोठे बळ, आणि ते आपल्याच खिशांतून आलेले आहे. रस्त्यावरचे फोन किती वेगाने सरकत आहेत यावरून रस्ता हिरवा, पिवळा की लाल ते ठरते. 2020 साली बर्लिनमध्ये एका कलाकाराने 99 फोन एका छोट्या हातगाडीत घालून ती रिकाम्या रस्त्यांवरून संथपणे ओढत नेली आणि नकाशावर वाहतूककोंडी उभी केली. आमच्याकडे हा प्रयोग करायला कलाकार लागत नाही. अनंत चतुर्दशीला लालबागला तो आपोआप होतो, आणि हातगाडीच्या जागी ट्रक आणि लाखो माणसे असल्यामुळे कोंडीही खरीच असते. पावसाळ्यात मात्र या पद्धतीची मर्यादा उघडी पडते. हिंदमाताला पाणी भरू लागले की गाड्या मंदावतात आणि रस्ता लाल होतो, इथवर ठीक. पण पाणी गुडघ्यावर गेले की तिथे गाडीच जात नाही, आणि जिथे फोनच नाही तिथे वेग कोणाचा मोजणार? ‘रस्ता बंद’ असे कोणीतरी कळवेपर्यंत नकाशाला त्या शांततेचा अर्थ लागत नाही. वेझ हे इस्रायलमध्ये जन्मलेले आणि 2013 मध्ये गुगलने विकत घेतलेले ॲप या कळवण्यावरच उभे आहे. खड्डा, बंद पडलेली गाडी, पोलिस, सगळे चालकांनी एकमेकांना सांगायचे. कल्पना उत्तम, पण अशा ॲपची किंमत आपल्या आजूबाजूला ते किती जण वापरतात यावर ठरते. अंधेरी सबवे बंद झाल्याची पहिली खबर मला तरी अजून इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावरच मिळते.

कोंडीचे आकडे जिथे उपयोगी पडत नाहीत असा प्रवासाचा भाग म्हणजे शेवटचे दोनशे मीटर. गिरगावातल्या एखाद्या वाडीत जायचे असेल तर हे प्रत्यक्ष पाहावे. ॲप पत्त्याची खूण इमारतीच्या मध्यभागी ठेवते आणि त्या खुणेला जो गाडीरस्ता जवळचा तिथे तुम्हाला आणून ‘आपण पोहोचला आहात’ असे जाहीर करते. समोर पाहावे तर चाळीची पाठ. सांडपाण्याचे पाइप, वाळत घातलेल्या चादरी, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून तुमच्याकडे शांतपणे पाहणाऱ्या आजी, आणि आत शिरायला दार कुठेही नाही. वाडीचे तोंड असते पलीकडच्या रस्त्यावर, दोन दुकानांच्या मधल्या बोळात, ज्यातून स्कूटर जेमतेम जाते. “काका, आता पुढे कुठे?” असे टॅक्सीवाला विचारतो आणि आजी वरूनच हाताने वळसा दाखवतात.

या भागात ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ही ॲप मला उजवी वाटली. 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या नकाशात जगभरचे हौशी लोक विनामोबदला भर घालतात, आणि हौशी माणूस पायी फिरणारा असल्यामुळे त्यात पायवाटा, जिने, रेल्वेचे पादचारी पूल, क्वचित इमारतीचे फाटकसुद्धा सापडते. शिवाय नकाशा एकदा उतरवून घेतला की पायी जाण्याचा रस्ताही नेटवाचून मिळतो; गुगलचा उतरवलेला नकाशा नेट नसताना गाडीचा रस्ता सांगतो, पायी जाणाऱ्याला सांगत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. ज्या गल्लीत असा हौशी कोणी फिरकलेला नाही, ती गल्ली या नकाशात बिननावाची पांढरी रेघ असते, आणि कोंडी म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही. मुंबईत वाहन चालवताना केवळ त्याच्यावर विसंबणे धाडसाचे ठरेल.

कोस्टल रोडच्या जुळ्या बोगद्यांत, म्हणजे प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी या दोन किलोमीटरच्या टप्प्यात, उपग्रह दिसतच नाहीत. तिथे फोन शेवटचा वेग आणि स्वतःतली गतिमापक यंत्रे यांच्या आधारे आपण कुठवर आलो असू याचा हिशेब करत राहतो. भुयारी मेट्रोतून वर आल्यावरचा प्रश्न निराळा. जागा लवकर सापडते, पण तोंड कुठल्या दिशेला आहे ते फोनला लगेच नीट कळत नाही, त्यामुळे बाहेर पडणारी माणसे फोन हातात धरून दहा पावले एका बाजूला जातात, निळा बाण कुठे वळतो ते पाहतात आणि मुकाट्याने उलटी फिरतात.

लोकलचा विषय इथे थोडक्यात आटोपतो, कारण तिथे स्पर्धाच नाही. दादरहून डोंबिवलीला कोणती गाडी, जलद की धीमी, कोणता फलाट, हे विचारायला मुंबईकर जगाचा नकाशा उघडत नाही. तो एम-इंडिकेटर उघडतो. रुळांवरून चालणाऱ्या गाडीला रस्ता चुकण्याची भीती नसल्यामुळे त्याला वेळापत्रक पुरते.

या सर्वांची सामाईक परीक्षा गेली काही वर्षे पुलांनी घेतली आहे. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला. 2024 च्या फेब्रुवारीत त्याची एक बाजू उघडली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळेना, दोन्हींच्या उंचीत माणूसभर अंतर. शीवचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट 2024 मध्ये, तर परळ-प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला. कार्नाक पूल पाडून नवा झाला तो सिंदूर पूल या नावाने. रस्ते खोदले जाणे, बुजवले जाणे आणि नाव बदलून पुन्हा उघडणे या गतीने कुठलाही नकाशा चालू शकत नाही. म्हणून ॲप निवडताना मी आता दुरुस्ती किती सहज कळवता येते आणि ती किती लवकर लागते हेही पाहतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ती कोणीही स्वतः करू शकतो, आणि व्यापारी नकाशांत सुचवून वाट पाहावी लागते.

आमच्या परळच्या इमारतीला दोन फाटके आहेत. पुढचा रस्ता काँक्रीटीकरणासाठी खोदला गेला तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने सर्वांच्या सोयीसाठी एका ॲपवर इमारतीची खूण मागच्या गल्लीतल्या फाटकावर नेऊन ठेवली. रस्ता केव्हाच झाला, खूण मागेच राहिली, आणि किराण्यापासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळे मागे येऊ लागले. तळमजल्याच्या काकूंच्या खिडकीखाली दिवसभर हॉर्न वाजतो, ही तक्रार सोसायटीच्या सभेत रीतसर नोंदवली गेली. मुलाने पुन्हा दुरुस्ती पाठवली आहे, तिला अजून मंजुरी आलेली नाही. सेक्रेटरींनी तिची वाट न पाहता मागच्या फाटकाला कुलूप घातले. त्यामुळे आता माल घेऊन आलेली मुले मागे जातात, कुलूप पाहतात, तिथूनच फोन करतात, आणि हॉर्न काकूंच्या खिडकीखाली पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ वाजतो.