आमची वाटचाल: अंबडचा गाळा, बॅरल आणि एक क्लिप

गाळा नाशिकच्या अंबडला, गरवारे पॉइंटवरून आत. धंदा थिनर-सॉल्व्हंटचा. टोल्यूइन, झायलीन, एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) यांचे 200 लिटरचे बॅरल आणायचे, 5 आणि 20 लिटरच्या कॅनमध्ये भरायचे आणि अंबड-सातपूरच्या पेंटशॉपना पोचवायचे. भांडवल मेहुण्यांचं, पाठ माझी. पहिली सात वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखी आहे ती जानेवारीतली एक सकाळ. पारा 9 अंशांवर. लोकांना वाटतं, एवढ्या थंडीत काय पेटणार? टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकते ते कमीत कमी तापमान, 4 अंश आहे. आपण शेकोटी शोधत असतो तेव्हाही त्याची वाफ पेटायला तयारच असते. त्यात हवा कोरडी आणि कामावरच्या पोराच्या अंगात नायलॉनचं जॅकेट. त्याने आडव्या बॅरलचा नळ पूर्ण उघडून माल प्लास्टिकच्या कॅनमध्ये सोडला. मी दारात चहा पीत होतो. 'फट्' असा बारीक आवाज आला, आणि कॅनच्या तोंडावर पिवळा जाळ, वर काजळीचा लोट.

पोरगा पाण्याच्या बादलीकडे धावला. त्याला मी कॉलर धरून मागे ओढलं. टोल्यूइन पाण्यावर तरंगतं, पाणी मारलं की जाळ तरंगत सगळ्या गाळ्यात फिरतो. मेहुण्यांनी पावडरचा सिलिंडर मारला म्हणून वाचलो. तरी दोन बॅरल गेले, पत्रे काळे झाले आणि पोराचा हात तीन आठवडे पट्टीत राहिला. त्याचा पगार आणि औषधपाणी आम्ही केलं, हे सांगितलेलं बरं, कारण बाहेर वेगळंच पसरवलं गेलं. विमा मिळाला नाही. परवान्यापेक्षा तीन बॅरल जास्त होते, ते आमचं चुकलंच.

पण अर्थिंगची क्लिप लावली होती! तीच गोष्ट अजून खटकते. क्लिप होती, पण बॅरलच्या रंगावर चावलेली. रंगातून वीज जात नाही. टोल्यूइनसारखं हायड्रोकार्बन वाहताना स्थिर वीज धरतं, आणि तिला जमिनीत जायला वाटच नव्हती. त्यात कॅन प्लास्टिकचा. आता कानशीने रंग खरवडल्याशिवाय क्लिप लागत नाही. ओतायचं ते पत्र्याच्या डब्यात, डब्यापासून बॅरलला दुसरी वायर, आणि नळ सुरुवातीला अर्धाच.

समोरच्या लाइनीत आमचाच धंदा करणारा एक जण होता. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं, "त्यांचा मालच पेटका." जणू याच्याकडचं टोल्यूइन म्हणजे गुलाबपाणी! वर लिटरमागे सहा रुपये कमी. एकोणीस गिऱ्हाइकांपैकी चार उरली. मेहुण्यांनी तेव्हा भांडवल मागितलं नाही, फक्त आमच्याकडे जेवायला येणं बंद केलं.

चारांतले एक पॅनेलवाले काका, सातपूरला पपया नर्सरीच्या बाजूचे. ते समोरच्याचा नमुना घेऊन आले. "मालक, हे फार लवकर उडतं. बघा तरी." मी हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची काचेची नळी, त्यात सोडला. शुद्ध टोल्यूइन 0.867 च्या आसपास येतं, थंडीत किंचित जास्तच. माप 0.79 वर. हेक्झेन हे स्वस्त सॉल्व्हंट असतं 0.66, म्हणजे स्वस्तातलं काही तरी घातलेलं. मी काकांना विचारलं, हा माल वापरणाऱ्या कोणाच्या पायाला मुंग्या येतात का? ते गप्पच झाले. त्यांच्याकडे नवीन आलेला पेंटर आधी तोच माल बंद खोलीत मारायचा. त्याची चप्पल पायातून निसटायची आणि त्याला कळायचं नाही. साखर दोनदा तपासली, नॉर्मल.

एन-हेक्झेन शरीरात गेलं की त्याचं 2,5-हेक्झेनडायोन होतं आणि ते नसा खातं. आधी पायाची बोटं बधिर होतात, मग पाय, मग हात. वाफ नाकात जाणं बंद झाल्यावरही काही आठवडे वाढतच जातं, मग हळूहळू उतरतं. त्या पेंटरला चालणं सुधारायला वर्ष लागलं.

विषय निघालाच आहे तर नव्या मंडळींना सांगतो, कोणी विचारलेलं नाही तरी. तोंडाने नळी ओढून माल काढू नका. हातपंप घ्या. चुकून पोटात गेलंच तर उलटी काढायला लावू नका, फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. थेट दवाखाना गाठा, डब्यावरचं लेबल सोबत न्या. नाकाला ओला रुमाल बांधून काही होत नाही, सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिजवाला मास्क लागतो. "आता वास येत नाही" म्हणजे हवा साफ झाली असं नाही, नाक बधिर झालंय. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून एक्झॉस्ट खाली, जमिनीलगत बसवा. निळे नायट्राइलचे हातमोजे टोल्यूइनपुढे फार टिकत नाहीत. थिनरने हात धुणाऱ्यांचं तर काय बोलायचं! आणि रिकामा बॅरल गॅस कटरने कापू नका. भरलेल्यापेक्षा तो वाईट, आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

पुढची वर्षं गिऱ्हाईक एकेक करून परत येण्यात गेली. काकांचा मुलगा आता माल नेतो. बिल थकवतो, पण क्लिप स्वतः तपासून बघतो.

समोरचा गाळा मागच्या दिवाळीत विकला गेला. नव्या मालकाचा माणूस परवा एक बाटली घेऊन आला, "साहेब, जरा तुमचा हायड्रोमीटर द्याल का?" दिला नाही. माप मात्र तिथेच घेऊन दिलं. 0.81.