जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीय? पितृपक्षापर्यंत थांबा

सोलापुरात राहून जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणजे ती सोलापुरात शोधायचीच नाही. एमएच १३, म्हणजे सोलापूर पासिंगची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस कुणाकडं असेल तर ती अख्ख्या होटगी रोडला माहिती असते आणि मालक ती विकत नसतो. म्हणजे गाडी येणार पुण्या-मुंबईची, नाहीतर हैदराबादची, आणि भाव कधी पडतो ते तिकडच्या मालकाच्या मूडवर.

नेटवर शोधलं की पहिलं उत्तर येतं, थंडीत घ्या. बरोबरच आहे, पण युरोप-अमेरिकेत. तिकडं बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं पत्रा गंजतो, उघड्या टपाची गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवावी लागते, मग मालक कंटाळून भाव सोडतो. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारी म्हणजे गड्ड्याची जत्रा, सकाळी तुळजापूर रोडला मस्त हवा, अशा वेळी कोण कशाला विकेल.

आपल्याकडं गाडी झाकून ठेवायचा सीझन म्हणजे पावसाळा. मुंबई-पुण्याचे खड्डे, तुंबलेलं पाणी, त्यात खाली टेकलेली गाडी. जूनपासून ती पार्किंगमध्येच, बॅटरी उतरलेली, हप्ता मात्र चालू. गणपती उठेपर्यंत मालक वैतागलेला असतो आणि लगेच पितृपक्ष लागतो, म्हणजे पंधरा दिवस गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यात त्याला दसऱ्याला नवीन गाडी उचलायची असेल तर झालंच, फोन तोच करतो. जे बोलणं जुलैमध्ये ‘फिक्स प्राइस’वर संपलं होतं ते आता ‘तुम्ही बोला ना’वर येतं.

दिवाळीनंतर एक्स्चेंजच्या गाड्या डीलरकडं साठतात, तेव्हा घ्या असं पण लोक सांगतात. स्विफ्ट, क्रेटाला ते लागू आहे. पण पोलो जीटीआय किंवा अबार्थ पुंटो कोण एक्स्चेंजला देतो? असल्या गाड्या शौकिनांमध्ये आपापसातच फिरतात, डीलरच्या यार्डात येईपर्यंत त्यातली चांगली गेलेली असते.

आता माझं खरं म्हणणं. घ्यायची पितृपक्षात, पण बघायची मे मध्ये. आणि जमलं तर मालकाला पटवून गाडी पुण्याहून इंदापूर-टेंभुर्णीपर्यंत दुपारी पळवून बघायची. आपल्याकडं मे मध्ये ४२-४३ डिग्री असतं, पुण्याच्या गाडीनं ते क्वचितच बघितलेलं असतं. एसी फुल्ल ठेवून ट्रॅफिकमध्ये उभी केली की फॅन, कूलंट, टर्बो सगळं बोलायला लागतं. २०२० च्या आधीच्या पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय, म्हणजे बिनतेलाच्या क्लचचा आहे, त्याला गर्मी आणि हळू ट्रॅफिक दोन्ही आवडत नाही, पहिल्या-दुसऱ्यात झटके देतो का तेवढं शांतपणे बघायचं. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएस २३० ला सहा गिअरचा तेलातला क्लच आहे, तो जास्त सोसतो. सप्टेंबरच्या गार हवेत हे काहीच कळत नाही, सगळ्याच गाड्या गोड वाटतात. मधल्या चार महिन्यांत ती विकली गेली तर गेली, पण असल्या गाड्यांना गिऱ्हाईक कमीच असतं.

सप्टेंबरमध्ये एक मात्र चेक कराच, पाण्यात बुडालेली तर नाही ना. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाचा डाग दिसतो, सीटखालच्या रेलला गंज दिसतो. वास दाबायला परफ्यूम असतोच.

टायरवर पण फसू नका. कमी पळालेल्या गाडीचे टायर नव्यासारखे दिसतात पण वय झालेलं असतं. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. असले टायर असतील तर चारही बदलायचे पैसे भावातून कापा.

जानेवारीत गाडी कागदावर एक वर्षानं म्हातारी होते म्हणून तेव्हा स्वस्त मिळते, हे दोन-तीन वर्षांच्या गाडीला खरं आहे. २०१६ ची आणि २०१७ ची यात मी तरी सर्व्हिस रेकॉर्डच बघेन.

राहिला घरचा प्रश्न. आमच्या आईला विचारलं तर ‘पितरांच्या पंधरवड्यात गाडी? डोकं ठिकाणावर आहे का?’ मित्र म्हणतो, ‘काय बे, तुझे पितर मस्टँगवर रुसणारेत होय?’ मी मधला रस्ता काढलाय. टोकन पितृपक्षात, भाव तिथंच लॉक करायचा, बाकीचे पैसे आणि डिलिव्हरी घटस्थापनेला, गाडी सरळ रूपाभवानीच्या देवळात न्यायची. आई खूश, आणि नवरात्र लागल्यावर मालक भाव वाढवायला मोकळा राहत नाही.

हैदराबादच्या गाडीला हे गणित सरळ लागत नाही. भाव कितीही पडू दे, तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला वन टाइम टॅक्स आपल्याच डोक्यावर येतो, त्यामुळं तो आकडा आधी आरटीओत विचारून मगच टोकन द्या.