मेल सर्व्हरसाठी देवगड वारी: काय झालं, आणि तुम्ही काय करू नका

देवगडच्या काकांच्या हापूस विक्रीचे मेल पाठवणारा सर्व्हर मुंबईतल्या कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये, मी पुण्यात, मग देवगडला कशाला तडमडलो? डोमेनच्या पॅनेलमध्ये शिरायला लागणाऱ्या ओटीपीसाठी. काकांनी डोमेन (मेलच्या पत्त्यातलं आपलं नाव) घेताना दिलेल्या नंबरचं सिम जुन्या बटणवाल्या फोनमध्ये, आणि घरात रेंज फक्त पडवीच्या टोकाला. दोन रविवार फोनवर "आला का, आला का" करण्यात घालवले, शेवटी शुक्रवारी स्वारगेटहून रात्रीची गाडी पकडली, सकाळी तळेऱ्याला उतरून पुढे देवगड.

दुखणं असं की हापूसची ऑर्डर आली की जाणारा कन्फर्मेशन मेल थेट स्पॅममध्ये, मग गिऱ्हाईक फोन करणार, पैसे कापले पण पावती नाही. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका. स्वतःच्या जीमेलला मेल पाठवा, स्पॅममधून उघडा, तीन टिंबांवर दाबून 'शो ओरिजिनल' बघा. एसपीएफ (आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (हे नापास झालं तर मेलचं काय करायचं ती सूचना) यांचा निकाल वरच असतो. आमचा निकाल: एसपीएफ परमएरर (म्हणजे रेकॉर्डच चुकलेलं), बाकी दोन विषयांना गैरहजर.

परमएरर का, तर डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफची रेकॉर्ड दोन होती, एक जुन्या होस्टिंगच्या वेळचं आणि एक मीच मागच्या वर्षी घाईत टाकलेलं. डोमेनला एसपीएफ एकच लागतं, दोन दिसली की दोन्ही बाद. एकत्र केली, झालं. त्यात इन्क्लूडची (दुसऱ्यांच्या याद्या जोडायची) माळ पण लावू नका, सगळं मिळून 10 लुकअपच्या (डीएनएसला विचारण्याच्या फेऱ्यांच्या) पुढे गेलात की परत परमएरर.

डीकिमने मात्र दीड तास खाल्ला. ओपनडीकिम (सही करणारा प्रोग्राम) टाकलं, 2048 बिटची की (सही तपासायची किल्ली, ती डीएनएसमध्ये टाकायची) बनवली, सही काही जुळेना. की ही लांबलचक, आणि टीएक्सटी रेकॉर्डच्या (डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदीच्या) एका तुकड्यात 255 अक्षरंच मावतात, पॅनेलने मुकाट्याने शेपूट कापलेलं! अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून टाकली तेव्हा पास. रेकॉर्ड टाकल्यावर डिग (डीएनएसला विचारायची कमांड) मारा आणि शेवटची चार-पाच अक्षरं सर्व्हरवरच्या फाइलशी ताडून बघा, माझा दीड तास वाचला असता. काका दर दहा मिनिटांनी येऊन, "काय रे, तुझो मेल मेलो काय?" काकी मात्र काही न विचारता आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं ठेवून गेली.

आता खरी अडचण. सगळं पास होऊनही मेल स्पॅममध्येच, कारण आयपीला (सर्व्हरच्या आकडी पत्त्याला) आपल्या नावाचं पीटीआर नव्हतं, म्हणजे आयपीवरून उलटं नाव शोधलं तर व्हीपीएसवाल्याचं (ज्याच्याकडून सर्व्हर भाड्याने घेतलाय त्याचं) कसलंतरी आकड्यांचं नाव येत होतं. हे डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधत बसू नका, ज्याचा आयपी त्याच्याकडेच ते बदलतं. आमच्या व्हीपीएसवाल्याकडे तिकीट टाकावं लागलं, तेही शनिवारी संध्याकाळी, उत्तर आलं सोमवारी दुपारी, माझी एक रजा गेली. म्हणून पीटीआरचं तिकीट निघायच्या आठवडाभर आधी टाका, आणि त्यातच पोर्ट 25 (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट) बाहेर जायला उघडं आहे का तेही विचारून घ्या, बरेच क्लाउडवाले ते बंद ठेवतात. नावावरून आयपी, आयपीवरून तेच नाव, आणि पोस्टफिक्स (सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्राम) समोरच्या सर्व्हरला हेलो करताना सांगतो तेही तेच नाव, तिन्ही जुळायला हवीत.

तरीही जीमेलकडून 550 (मेल नाकारल्याचा कोड) येऊन मेल परत येत होते, पण सगळे नाही, अधूनमधून. लॉग बघितला तर सर्व्हर कधीकधी आयपीव्ही6 (नव्या पद्धतीच्या आयपी) वरून पाठवत होता आणि तिकडे पीटीआर नाहीच. त्यालाही पीटीआर लावणं हा खरा उपाय, मी पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीच्या आयपी) वर आणून बसवलं. सोमवारी संध्याकाळी डोंबिवलीच्या मावशीला मेल पाठवला, थेट इनबॉक्समध्ये.

मग काकांना हुरूप आला, सात वर्षांतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना "आंबो सुरू झालो" असा मेल एका दमात पाठवायचा म्हणे. नवीन आयपीवरून असं अजिबात करू नका, त्यात अर्धे पत्ते मेलेले. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूचे नियम कडक झालेत, जीमेलवर रोज 5000 च्या वर मेल जात असतील तर डीमार्क आणि जाहिरातीच्या मेलला एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब लागतंच, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्याच्या खाली ठेवायच्या. आपण कुठले 5000, पण मी गेल्या दोन सीझनचेच पत्ते ठेवले आणि रोज तीस-चाळीस असे सोडले.

डीमार्क सध्या पी बरोबर नन (कारवाई नको, फक्त रिपोर्ट) ठेवलंय, काही आठवडे रिपोर्ट बघून क्वारंटाइन (नापास मेल स्पॅममध्ये) करीन. ते रिपोर्ट जायला वेगळा पत्ता बनवा हं. मी घाईत काकांचाच टाकून आलो, आता रोज सकाळी फोन, झिप फाइल आलीय, ती कोणाची ऑर्डर?