बरणीतलं भरीत

मागच्या आठवड्यात अमळनेरहून वहिनीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "तुमचं बरंय ताई, तिकडं सगळं तयार मिळतं. पाकीट फोडा, गरम करा, खा. आमच्यासारखं सकाळपासून गॅसपुढे उभं राहायला नको." मी "हो ना" म्हणून विषय बदलला. कारण मला इथे आले त्या पहिल्या वर्षी उघडलेली भाजलेल्या वांग्यांची एक काचेची बरणी आठवली. तिच्यातल्या ऐवजाचं काय करावं ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

मी इथे जर्मनीत नर्स आहे. श्टुटगार्टपासून रेल्वेने अर्ध्या तासावरच्या गावात राहते. सकाळची पाळी सहाला सुरू होते. रात्रपाळी करून आलं की दार उघडायच्या आधीच डोळे मिटायला लागतात. त्यात रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवारी आणायचं राहिलं तर सोमवारपर्यंत आहे त्यात भागवायचं. अशा बाईला तयार अन्नाचा मोह होणारच. पहिल्या वर्षी 'तयार' म्हणून जे जे दिसलं ते मी पिशवीत टाकलं. आता चौथं वर्ष आहे आणि त्यातलं बहुतेक सगळं बंद झालंय. का, ते वहिनीला फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तर ती बरणी. इथल्या तुर्की दुकानात भाजून, सोलून, पाण्यात भरलेली वांगी मिळतात. खान्देशातल्या माणसाला हे दिसल्यावर काय होत असेल! हिवाळ्यात शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर पन्नास-पन्नास वांगी काळी पडत असतात, लाकडी बडगीत ठेचली जातात, बाजूला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी. आणि इथे माझ्या स्वयंपाकघरात ज्योत नावाची चीजच नाही. सपाट काचेची विजेची शेगडी. एकदा वाटीत कोळसा ठेवून धुरी द्यायला गेले तर छतावरचा धुराचा अलार्म असा कोकलला की वरच्या मजल्यावरच्या आजी चपला न घालता दारात. इथे भाड्याच्या घरातही तो अलार्म कायद्याने लागतोच. त्यामुळे 'भाजलेलं वांगं, बरणीत' हे वाचूनच मी विकली गेले. साडेतीन युरो.

घरी आल्यावर झाकण उघडलं. वास आला तो लोणच्याचा. वांगी फिकट, चिंब भिजलेली, हातात धरली की निसटणारी. गाळणीत निथळली, मग पंच्यात घालून पिळली. चव पाहिली, आंबट. पुन्हा धुतली, पुन्हा पिळली. तेलात शेंगदाणे, ठेचलेली हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, सगळं आईसारखं केलं आणि वांगं टाकल्यावर ते कढईत पाणी सोडत बसलं. ते आटेपर्यंत पात काळवंडली. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. आईने लांबूनच ओळखलं. "त्यामा काय टाकेल शे?"

मी बरणी फिरवून वाचलं. वांगी, पाणी, मीठ, सायट्रिक ॲसिड. म्हणजे आपलं लिंबूफूल.

"भरीतमा लिंबूफूल? कोन टाकस?"

कोण टाकतं ते मला नर्स म्हणून माहीत आहे, पण आईला सांगण्यात अर्थ नव्हता. वांगं मुळात आंबट नाही. असली भाजी हवाबंद भरून ठेवली तर बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेणी विषबाधा करणारे जंतू वाढायची भीती असते. ते टाळायचे दोनच सोपे रस्ते. एक तर सामू (पीएच) ४.६ च्या खाली आणायचा, म्हणजे आंबट करायचं. नाहीतर दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांपर्यंत तापवायचं. बरणीवाल्यांनी पहिला रस्ता धरला. चूक त्यांची नाही. तुर्की घरांत ते वांगं दह्या-लसणाबरोबर कोशिंबिरीसारखं खातात, तिथे आंबटपणा खपून जातो. आपल्या भरितात ना दही, ना टोमॅटो, ना चिंच. तिथे तो उघडा पडतो.

खरा धक्का घड्याळाचा होता. बरणी उघडण्यापासून भरीत ताटात यायला चाळीस मिनिटं लागली, आणि ती सगळी मी उभ्याने घालवली. पुढच्या आठवड्यात दोन ताजी वांगी आणली. स्पेनची, काळी-जांभळी, ग्रीनहाऊसमधली. त्यांना काट्याने टोचे मारले, तेलाचा हात लावला, ओव्हनमध्ये २२० अंशांवर पाऊण तास ठेवली. त्या पाऊण तासात अंघोळ केली, कपडे मशीनला लावले आणि सोफ्यावर आडवी झाले. हाताचं काम सगळं मिळून पंधरा मिनिटांचं. म्हणजे जे काम ओव्हन माझ्यासाठी फुकट करत होता, तेवढंच मी बरणीवाल्याकडून विकत घेतलं होतं, आणि वर धुणं-पिळणं अंगावर ओढवून घेतलं होतं.

धुराचा वास ओव्हनमध्येही येत नाही, हे कबूल. आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याची, म्हणजे त्या हिरव्या-पांढऱ्या, कमी बियांच्या वांग्याची सर या काळ्याला येत नाही. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मग बॅगेत घालून का आणत नाहीस, असं भाऊ विचारतो. तर युरोपात बाहेरून ताजी फळं-भाज्या आणायच्या असतील तर रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर. म्हणजे जळगावची केळी आणता येतात आणि जळगावचं वांगं आणता येत नाही! (केळ्याचे वेफर्स तर आणतेच आणते. इथे केळ्याच्या चिप्स म्हणून जे मिळतं ते गोड आणि खोबरेल तेलात तळलेलं. एकदा हॉस्पिटलच्या ब्रेकरूममध्ये एक मूठ तोंडात टाकली आणि कोणाला दिसणार नाही अशा बेताने गिळली.)

बरणीनंतर मी शहाणी झाले का? नाही. मग पाकिटांकडे वळले.

इंडियन दुकानात डाळ, छोले, पालक-पनीर यांची तयार पाकिटं असतात. तीनशे ग्रॅमचं पाकीट, फ्रीज लागत नाही, वर्षभर टिकतं. हे वर दिलेल्या दुसऱ्या रस्त्याचं अन्न. पाकीट आधी सील करतात आणि मग दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात. आम्ही कात्र्या-चिमटे निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह वापरतो ना, तीच जात. हे कळल्यापासून ती डाळ खाताना मला चिमटे आठवतात, त्याला इलाज नाही. आपल्याकडे हे तंत्र म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेने सैन्यासाठी बसवलं. बर्फात, चूल पेटवता येत नाही अशा जागी बसलेल्या जवानाला ते हवंच. मी मात्र बर्फात असले तरी माझ्या घरात कुकर आहे. आणि फोडणीचा वास ही गोष्टच अशी आहे की ती ताटात वाढायच्या आधी पाच मिनिटं जन्मते. पाकिटात तिला वर्षभर कोंडून ठेवलं की डाळ आणि छोले एकाच चवीचे लागायला लागतात. मसूरडाळ कुकरला वीस मिनिटांत होते. आजारपणासाठी एक पाकीट कपाटात असतं, तेवढंच.

आलं-लसूण पेस्टचं लवकर सांगते. डब्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, इथेही आणि आपल्याकडेही. पहिलं नाव सगळ्यात जास्त वजनाचं. मी आणली होती तिच्यात लसणाच्या मागोमाग पाणी, मग मीठ, तेल, आणि परत आम्ल. तेच दुखणं. शिवाय भाजीत मीठ किती घालायचं हा अंदाज कायमचा चुकतो.

ज्वारीच्या पिठाबद्दल मात्र माझं मन अजून कडू आहे. भाकरी हवीच होती. पहिलं पाकीट आणलं तेव्हा वाटलं, माझा हात बिघडला. उकळतं पाणी घालून उकड काढली, चांगलं मळलं, तरी थापताना कडेने चिरत गेली आणि तव्यावर टाकायला उचलली तर दोन तुकडे. चवही मागे कडवट. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो. गरम पाण्याने पीठ चिकट होतं त्यावरच सगळा खेळ. त्यात पीठ जुनं असलं की संपलं, कारण दळल्यावर ज्वारीतलं तेल हवेला लागतं आणि खवट होत जातं. आमच्याकडे आई आठवड्यापुरतं दळण गिरणीवर पाठवते, पायलीच्या पायली दळून ठेवत नाही. लहानपणी तो डबा डोक्यावर घेऊन जायचा मला फार राग यायचा. आता इंडियन दुकानातून अख्खी ज्वारी आणते आणि मिक्सरच्या लहान भांड्यात दोन दिवसांपुरती दळून चाळते. आवाज होतो, म्हणून रात्री दहाच्या आत. आमच्याकडच्या दादर ज्वारीची सर नाही, पण भाकरी उचलली जाते.

किसलेलं चीज, चिरलेली फळं, धुतलेल्या पानांची पिशवी यांवर फार शब्द घालवत नाही. इथे दुकानातल्या किमतीच्या पट्टीवर खाली बारीक अक्षरात किलोचा भावही छापलेला असतो, तसा कायदाच आहे. मी आधी वरचा मोठा आकडा वाचायचे, आता खालचा वाचते. खरबूज कापून डबीत घातलं की कुठच्या कुठे जातं! किसलेल्या चीजला तर सुटं राहावं म्हणून बटाट्याचं स्टार्च लावलेलं असतं, ते वितळतं कमी आणि पिठूळ लागतं.

सगळंच टाकाऊ आहे असंही नाही. फ्रोझन मटार आणि पालक मी डोळे मिटून घेते, काढल्यावर लगेच गोठवतात आणि सोलणं-निवडणं हे खरंच हाताचं काम असतं. खवलेला गोठवलेला नारळ म्हणजे तर देवाचा प्रसाद. काबुली चण्यांच्या डब्याचा हिशेब मी तागडी लावून केला. चारशे ग्रॅमच्या डब्यातलं पाणी काढलं की अडीचशे ग्रॅम चणे हाती येतात. अर्धा किलो कोरडे चणे भिजवून शिजवले तर तसे साडेचार-पाच डबे भरतात. पैशाने डबा हरला. पण रात्रपाळीच्या आठवड्यात 'रात्री भिजत घाला' या वाक्यातली रात्र नेमकी कोणती, हेच मला कळत नाही. म्हणून दोन डबे असतात.

वहिनीला मी खरं तर हे सांगायला हवं होतं की तयार अन्न आपल्याकडे काही नवीन नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी गेलं की अंगणात काय चाललेलं असायचं? बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, शेवया, उडदाचे पापड. चार घरच्या बाया मिळून वर्षाचं करून ठेवायच्या. काळा मसालाही उन्हाळ्यातच. पावसाळ्यात अचानक पाहुणे आले की बिबडा भाजायचा, मसाल्याचं तर्रीदार पाणी करायचं, त्यात शेव सोडायची, दहा मिनिटांत जेवण. शेवभाजीइतकं झटपट माझ्या इथल्या अख्ख्या कपाटात काही नाही.

तेच मी आता माझ्या परीने करते. उन्हाळ्यात इथल्या बागेत शेगडी पेटवायला ठरवून दिलेल्या जागा असतात. मागच्या जुलैत मैत्रिणींबरोबर गेले. त्यांचे सॉसेज झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर मी बारा वांगी लावली. शेजारचे जर्मन काका दोनदा येऊन म्हणाले, तुमचं जळतंय. जळू द्या म्हटलं. सोलून, ठेचून, दोन-दोन वांग्यांच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये घातल्या. ऑक्टोबरपर्यंत पुरल्या. धुरासकट.

डिसेंबरात घरी गेले होते. पहिल्या दिवशी चहाचं दूध काढायला फ्रीज उघडला, तर दारात आलं-लसणाच्या पेस्टचं पाकीट, कोपरा कापून क्लिप लावलेलं. मी आईकडे पाहिलं. आई पाट्याकडे पाहत म्हणाली, "गुडघा दुखस."

मी काही बोलले नाही. परत निघायच्या आधी तीन संध्याकाळी बसून लसूण सोलला, आलं घातलं, मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं आणि वड्या डब्यात भरून दिल्या. आईने मला काळा मसाला दिला. तो आता त्या वांग्याच्या बरणीत आहे. बरणी चांगली आहे, झाकण घट्ट बसतं. साडेतीन युरोत तेवढं वसूल झालं.