आमची वाटचाल : कापडाकडून लाकडाकडे

लाकडी ग्लायडरच्या, म्हणजे इंजिनाशिवाय उडणाऱ्या विमानाच्या, पंखांवर नवे कापड चढवून देणे, एवढ्या एकाच कामासाठी आम्ही ही लहान कार्यशाळा सुरू केली. मी सुतारकामातला आणि माझे भागीदार विमानांच्या देखभालीतले. जुने कापड काढायचे, नवे ताणून बसवायचे, रंग देऊन पंख मालकाच्या हवाली करायचा, असा साधा बेत होता. आज आमच्या कामाचे निम्म्याहून अधिक तास लाकडावर खर्च होतात, आणि हा बदल कसा झाला हेच आमच्या वाटचालीचे सार आहे.

आमच्याकडे येणाऱ्या पंखांची रचना बहुधा एकाच धाटणीची असते. मुख्य स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईच्या, पुढचा भाग बर्च प्लायवूडने मढवलेला असतो आणि तो पंखाला पिळवटू देत नाही. स्पारच्या मागे मात्र नाजूक रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या), मागची कड आणि त्यांवर ताणलेले कापड एवढेच असते. १९५७ मध्ये प्रथम उडालेले आणि पुढे हजाराहून अधिक संख्येने बांधले गेलेले श्लायशर काए-८ हे याच धाटणीचे ग्लायडर आहे. ही ग्लायडरे आजही उडतात, याचे मोठे श्रेय त्यांच्या लाकडाला आहे. पण ते लाकूड कापडाखाली झाकलेले असल्यामुळे त्याची नीट तपासणी करण्याची संधी दोन आच्छादनांच्या मधल्या काळात जवळजवळ मिळतच नाही.

म्हणून कापड उतरवले की पंख काही दिवस उघडाच ठेवायचा, हा नियम आम्ही लवकरच केला. मागच्या कडेजवळची पाणी निचरण्याची छिद्रे रंगाने किंवा धुळीने बुजलेली असतील, तर आत साचलेल्या ओलाव्याने तिथले लाकूड मऊ पडलेले सापडते. केसीनच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या, सरसाला दमट हवेत बुरशी लागते. नंतरच्या काळातला युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद उष्णता आणि दमटपणा यांच्या माऱ्याने ठिसूळ होतो, विशेषतः जिथे जोडाच्या फटीत त्याचा थर जाड राहिलेला असतो तिथे. बाहेरून घट्ट दिसणारा जोड पातळ पाते लावताच सुटतो तेव्हा नव्या कापडाची चर्चा बाजूला ठेवावीच लागते. प्लायवूडचा सडलेला तुकडा काढून नवा बसवताना त्याच्या कडा लांब उतार देऊन तासाव्या लागतात, म्हणजे चिकटणारे क्षेत्र वाढते आणि भार एका रेषेवर एकवटत नाही. या कामातला संयम मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो.

याच अनुभवामुळे आम्ही खर्चाचा अंदाज दोन टप्प्यांत देऊ लागलो. पहिला आकडा उघडण्याचा आणि तपासणीचा, दुसरा पंखाचे अंतरंग मालकाने स्वतः पाहिल्यानंतरचा. काही जण यामुळे दुसरीकडे गेले, तरीही आम्ही ही पद्धत सोडली नाही, कारण न पाहिलेल्या लाकडाची किंमत सांगणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

कापडाचे तंत्रही याच काळात आमच्या हाती बसत गेले. लिनन आणि सुती कापडाला डोपचे (कापडावर लावायच्या, लाखेसारख्या सुकणाऱ्या द्रवाचे) थर आवळून ताण देतात, तर आता सर्रास वापरले जाणारे पॉलिएस्टर उष्णतेने आकसते. त्यावर सुमारे १२० अंश सेल्सिअसपासून सुरुवात करून शेवटचा ताण सुमारे १७५ अंशांना द्यायचा असतो. त्यापुढे गेल्यास कापड सैल पडते आणि वाया जाते. इस्त्रीवरच्या खुणांवर आम्ही विसंबत नाही, दर वेळी तापमापीने पडताळतो. पंखाच्या वरच्या व खालच्या बाजूंना आलटून पालटून थोडा थोडा ताण द्यावा लागतो, नाहीतर मागची कड वाकते किंवा टोकाकडे हेतुपूर्वक ठेवलेला पीळ बदलतो, आणि मंद वेगात पंखाचे टोक शेवटपर्यंत हवेचा आधार धरून राहावे ही त्या पिळामागची योजनाच बिघडते. खालची बाजू अंतर्वक्र असेल तर ताणलेले कापड रिबपासून सुटू पाहते. तिथे कापड रिबला आधी पक्के चिकटवून किंवा मेणाच्या दोऱ्याने शिवून मगच इस्त्री फिरवायची. अतिनील किरणांपासून बचावासाठी ॲल्युमिनियमयुक्त चंदेरी थर देतो, त्यावर अंतिम रंग शक्य तितका पातळ.

रंगाच्या पातळपणाबाबत आम्ही आग्रही आहोत. एलेरॉनच्या, म्हणजे विमान कलवण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या भागाच्या, मागच्या बाजूला वाढलेले थोडेसे वजनही उड्डाणात घातक थरथर निर्माण करू शकते, त्यामुळे प्रत्येक एलेरॉन तोलून उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहिल्याशिवाय पंख बाहेर जात नाही.

दमट हवेत डोप सुकताना त्यावर पांढरट झाक येते आणि थर कमकुवत होतो. यासाठी तापमान व आर्द्रता राखणारी स्वतंत्र खोली आम्ही नुकतीच बांधली आहे, आणि नायट्रेट डोप अत्यंत ज्वालाग्राही असल्याने तिची हवा बाहेर टाकण्याची व्यवस्थाही निराळी ठेवली आहे. उघडे पंख ठेवायला त्यामुळे जुन्या खोलीत अधिक जागा मिळाली असून, यापुढे केवळ तपासणी आणि लाकूडदुरुस्तीसाठी येणारे पंखही आम्ही स्वीकारणार आहोत.