सवती चूल

भाऊ सवते झाले की सोलापूरकडे ‘धाकल्यानं चूल वेगळी मांडली’ एवढंच म्हणतात, ऐकणाऱ्याला पुढचं कळतं. शेताचं नंतर. सातबारा फुटायला वर्षं जातात. मोजणी, हरकती, शिवाय बांधावरची बाभळ कुणाची यावरून अबोला. चुलीला एक दुपार पुरते.

अर्थात ती काही खरी चूल नव्हे. खरी चूल वेळ खाते. इथली काळी माती एकटी त्या कामाची नाही. वाळताना आकसते आणि फाटते. चिकट पांढरी किंवा तांबडी माती चाळायची, भुसा नि शेण घालून तुडवायची, रात्रभर मुरू द्यायची. पुढं तोंड, मागं वैल, काठावर तीन उंचवटे. उंचवटे बुटके झाले तर भांडं काठावर घट्ट बसतं, धुराला वाट राहत नाही आणि जाळ उलटा तोंडातून बाहेर येतो. मग आठ-दहा दिवस सावलीत वाळवण. उन्हात ठेवली की वरचा थर आधी आवळतो, आतला ओलाच राहतो. इथल्या वैशाखात संध्याकाळपर्यंत भेग ठरलेली. पहिला जाळही चार तुराट्यांचा, बेतानं. बाभळीचं जळण त्यानंतर. निखारा टिकतो तो तिचाच, आणि तव्यावरची ज्वारीची भाकरी फुगवायला उभी करायची ती त्या निखाऱ्यापुढं.

भांडण झाल्यावर एवढा दम कुणाला? तीन दगड, वर तवा. म्हणूनच चूल ‘मांडली’ म्हणत असावेत.

कोर्टाला तेवढ्यानं भागत नाही. वेगळं जेवण हा वाटणीचा एक पुरावा खरा, पण फक्त त्यावरून एकत्र कुटुंबाची वाटणी झाली असं कायदा धरत नाही. जनगणना मात्र गावाच्या बाजूची: एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. चुली दोन, तर कुटुंबं दोन. मधे भिंत असो वा नसो.

आता घरोघरी गॅस. तरी ‘शेगडी वेगळी केली’ म्हणून कुणाचं समाधान होत नाही, चूलच लागते.

राहते आई. तिच्या पाळ्या लागतात, एक महिना थोरल्याकडं, एक धाकल्याकडं. २०११ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. ज्याच्या वाट्याला फेब्रुवारी, त्याच्या कुटुंबात ती.